एकशे वीस अँपिअरची सोयरीक

करिष्माचं प्रफुलशी लग्न होणार की नाही हे ज्या आठवड्यात ठरायचं होतं, नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या बापाने जीपचं बॉनेट उघडून ठेवलं. भय्याजींचं सगळं असंच. घरी पाहुणे येणार म्हटलं की त्यांना पंखा खोलायची सुरसुरी येते, हे तिची आई रुक्मा लग्न झाल्यापासून सांगत आली आहे.

भय्याजी स्टील प्लांटातून इलेक्ट्रिकलचे मास्टर टेक्निशियन म्हणून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात. यांनी अहिवाऱ्याकडच्या एका खाणीच्या ठेकेदाराकडून अठरा वर्षं जुनी डिझेल जीप घेतली, तीही फोर बाय फोर. टाउनशिपच्या सेक्टरातल्या गुळगुळीत रस्त्यांवर चारही चाकांना ताकद कशाला हवी, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. मग जीपला समोर चार मोठे दिवे लागले, आत दोन पंखे लागले, पाणी थंड ठेवायचा डबा आला आणि ट्रकचा भोंगा आला. हे सगळं एकदम चालू केलं की बॅटरी भरणारा मूळचा पस्तीस अँपिअरचा अल्टरनेटर धापा टाकायचा, दिवे पिवळे पडायचे आणि सकाळी बॅटरी बसलेली असायची. जीप ढकलायला मायलेकी.

म्हणून रायपूरहून एकशे वीस अँपिअरचा नवा अल्टरनेटर आला. तो आला त्या दिवशी भय्याजींनी त्याला मांडीवर घेऊन फोटो काढून घेतला. करिष्माला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो घरात एकही नाही.

प्रफुलचे वडील तेजराम त्याच प्लांटातले, त्याच मिलमधले, पण मेकॅनिकलचे. कारखान्यात ज्याने नोकरी केली नाही त्याला हे वैर कळायचं नाही. मिल बंद पडली की दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांचा पहिला प्रश्न असतो, डिले, म्हणजे खोळंबा, कोणाचा? इलेक्ट्रिकलचा की मेकॅनिकलचा? या एका प्रश्नावर हे दोघे अठ्ठावीस वर्षं भांडले. दोघे रिटायर झाले, दोघांच्या दाढा पडल्या, पण भाजीबाजारात समोरासमोर आले तरी एक जण बटाटे सोडून कांद्याकडे वळायचा.

आणि पोरांनी नेमकं एकमेकांनाच पसंत केलं. जात जुळत होती, पोटजात जुळत होती, गोंदियाकडची गावंसुद्धा शेजारशेजारची निघाली. तरी तेजराम भय्याजींचे व्याही व्हायला तयार होईनात. त्यांचं म्हणणं प्रफुलने फोनवर करिष्माला जसंच्या तसं ऐकवलं होतं.

"मानूस वाईट नाई. पन अठ्ठावीस सालात ‘चुकलं माहं’ हे त्याच्या तोंडून कधी निंगालं नाई. सोयरीक म्हनलं, इवाई झालो, की रोज काई ना काई चुकनारच. मंग दर खेपेला मीच चुकलो म्हनू काय?"

माणूस खरं बोलत होता, हे करिष्मालाही माहीत होतं. शेवटी असं ठरलं की रविवारी दोन्ही घरच्यांनी मिळून अहिवाऱ्याला जायचं. तिथे तेजरामांची थोरली बहीण मैनाबाई राहते. आईमागे तिनेच त्यांना वाढवलेलं, त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द तिचा. प्रफुलची रविवारी रसमड्याच्या फॅक्टरीत ड्यूटी होती, तो नंतर येणार होता. गाडी कोणाची? भय्याजींची. हे सांगायला नको.

शनिवारी सकाळी भय्याजींनी नवा अल्टरनेटर बसवला, आणि विजेचं काम असं केलं की नाव ठेवायला जागा नाही. जुनी करंगळीएवढी वायर काढून अंगठ्याएवढी केबल टाकली, बॅटरीजवळ मोठा फ्यूज दिला, डॅशबोर्डवर नवा मीटर बसवला. त्यांचा हात पोचत नव्हता तिथे करिष्माचा हात होताच. काम संपल्यावर एकच वस्तू उरली. जुन्या अल्टरनेटरच्या पाठीला वाटीएवढा एक लोखंडी पंप चिकटलेला होता आणि नव्याच्या पाठीला काहीच नव्हतं. पंपाच्या तीन नळ्या लोंबत होत्या. तेलाच्या दोन भय्याजींनी स्वतः बंद केल्या. तिसरी जाड रबरी होती.

"बाबा, ही कशाची?"

"हवेची असंल. हवा-पानी मेकॅनिकलवाल्याइचं काम. बोल्ट घाल आन् कस."

तिने बोल्ट घातला आणि क्लिप कसली. पण मनात खुटखुट राहिली, म्हणून तिने त्या पंपाचा फोटो प्रफुलला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, ‘ये तो पप्पा ही बताएंगे. उनसे पूछ लो.’ तेजरामांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती चप्पल घालून त्यांच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. विचारलं असतं तर ते पाहायला आले असते, आले असते तर पहिल्याच मिनिटाला दोघांची जुंपली असती, आणि मग कसला रविवार अन् कसला अहिवारा. ती मूग गिळून गप्प बसली.

संध्याकाळी भय्याजींनी सिविक सेंटरपर्यंत एक चक्कर मारली. परत आले ते खुशीत.

"ब्रेक जरा टाइट लागून राहिला," त्यांनी सांगितलं. "चांगलंच हाय. ढिला ब्रेक वाईट असते, टाइट कावून वाईट असंल?"

रविवारी दहा वाजता जीप निघाली. समोर भय्याजी आणि शेजारी तेजराम, मागे रुक्मा, तेजरामांची बायको गयाबाई आणि करिष्मा. रुक्माच्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. डोक्यावर ऊन तापलेलं आणि जीपचे चारही दिवे चालू. दोन्ही पंखे चालू. गयाबाईंच्या डोक्यावरचा पदर दोनदा उडून तेजरामांच्या तोंडावर गेला.

"पाहा," भय्याजी मीटरकडे बोट करून म्हणाले, "एवढं सगळं लावलं, तरी चौदा पॉइंट दोन व्होल्ट. सुई हालत नाई. आन् मेकॅनिकलवाल्याचं एक बोट नाई लागलं."

तेजरामांनी तोंडावरचा पदर बाजूला सारला. मागच्या सीटवर करिष्माने देवाला हात जोडले, की आज एक दिवस या माणसाची वाचा बंद कर. देवाने भलतंच ऐकलं.

गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि भय्याजींनी पाय दाबला. पुढे उतार होता, उताराच्या टोकाला रेल्वेचं फाटक होतं, फाटक बंद होतं आणि फाटकाशी चुनखडीने भरलेला ट्रक उभा होता. भय्याजींनी ब्रेकवर पाय ठेवला. जीपने फारसं मनावर घेतलं नाही. त्यांनी जोर लावला. मग दोन्ही पाय ठेवून सीटवरून अर्धे उभे राहिले, आणि ट्रकची पाठ मोठी होतच गेली.

"अगं माय!" रुक्मा ओरडली.

तेजरामांनी हँडब्रेक धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. जीप तिरपी झाली, घसरली आणि ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबली. इंजिन बंद पडलं. चिवडा सगळ्यांच्या अंगावर. दोन्ही पंखे मात्र छान गार हवा देत होते.

तेजराम उतरले आणि बॉनेट उघडलं. त्यांना अर्धं मिनिट पुरलं.

"या नळीत बोल्ट कोनं ठोकला? ब्रेकले जोर देनारा पंप हाच होता. पंप नाई त ब्रेक लोखंडासारखा होते."

आता खरं तर दोन शब्द पुरेसे होते. करिष्मा उतरून बापाच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. म्हणा बाबा, एकदा म्हणा. चेहरा पांढराफटक पडला होता त्यांचा. पण पडलो तरी नाक वर!

"पंप मंजे मेकॅनिकल," भय्याजी म्हणाले. "मंजे डिले मेकॅनिकलचा."

"पंप बसला कोनाच्या मांगं होता? अल्टरनेटरच्या. काढला कोनं?"

"मी अल्टरनेटर काढला. पंप त्याच्या संगं आला, त्याले मी काय करू?"

फाटक उघडलं. ट्रक गेला. मागच्या गाड्या भोंगे वाजवून वाजवून थकल्या आणि बाजूने निघून गेल्या. रस्त्याच्या कडेला साठी ओलांडलेले दोन पुरुष एका रबरी नळीवरून भांडत होते, आणि करिष्माला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

शेवटी तेजराम हात पुसत म्हणाले, "गाडी वापस फिरवा, भय्याजी. मैनाबाईकडं जाऊन काय करू? मी काय म्हनत होतो ते आज सगळ्याइनं पाह्यलं."

गयाबाईंनी मान खाली घातली. रुक्मा नवऱ्याकडे अशी पाहत होती की दुसरा कोणी असता तर वितळला असता. भय्याजी मीटरची काच रुमालाने पुसायला लागले.

"काका," करिष्मा म्हणाली, "बोल्ट मी कसला."

तेजरामांनी तिच्याकडे पाहिलं.

"प्रफुलनं मले म्हनलं होतं, पप्पाले विचार. मी तुमच्या घरच्या फाटकापर्यंत आली आन् वापस गेली. मले वाटलं तुमी दोघं भांडसान, माहं लग्न मोडंल. म्हनून चूप बसली. आज सगळे मेलो असतो. चुकलं माहं."

मग भय्याजींनी रुमाल खिशात घातला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पाहा! मी केव्हाचा म्हनून राहिलो नं, माही चूक नोहती!"

पहिल्यांदा गयाबाईंना हसू फुटलं. पदर तोंडात कोंबूनही ते थांबेना. तेजराम भय्याजींना पाहत राहिले, मग करिष्माला, मग पुन्हा भय्याजींना.

"भय्याजी," ते म्हणाले, "पोरगी आमाले द्या. बाप तुमच्याच घरी राहू द्या."

"तो कोनी नेतच नाई जी," रुक्मा अंगावरचा चिवडा झटकत म्हणाली, "म्हनून तर माह्याकडं पडला हाय."

तिथून पुढे गाडी करिष्माने चालवली, दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलवाले पुढे जातील अशा वेगाने. शेजारी गयाबाई हँडब्रेक दोन्ही हातांत धरून बसल्या, ड्रायव्हरच्या थाटात. दोघे बाप मागे, मध्ये रुक्मा. बऱ्याच वेळाने भय्याजींचा आवाज आला, इतका हळू की करिष्माला आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"तेजरामभाऊ, ब्रेकमधलं मले काई समजत नाई. पयलेसारखा होते काय तो?"

करिष्माने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी तो प्रश्न परत घेतला असता.

"होते," तेजराम म्हणाले. "मोटरवाला पंप भेटते. करंट खाते तो, पन तुमचा नवा अल्टरनेटर आरामात देते. मोटर तुमी पाहा, पंप मी पाह्यतो."

"हव."

फर्लांगभर रस्ता मागे पडला. मग भय्याजींनी घसा खाकरला.

"आन् दोघाइले जोडनारी मधातली कपलिंग कोनाची?"

"कपलिंग मेकॅनिकलचीच असते."

"कावून? मोटरच्या शाफ्टवर बसते नं ते?"

अहिवारा येईपर्यंत ते चाललं होतं. मैनाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. दोन म्हातारे हातवारे करत, एकमेकांचं बोलणं तोडत जीपमधून उतरताना त्यांनी पाहिले आणि तांब्या तसाच हातात राहिला.

"हे कावून भांडून राहिले?"

गयाबाईंनी हँडब्रेक सोडला, आधी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा.

"काई नाई, बाई," त्या म्हणाल्या. "इवाई झाले."