ताईच्या नडगीवरचा डाग

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. थोरल्या बहिणीनं, ताईनं, लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं, त्वचेचा डॉक्टर केलं. 'आमचा डॉक्टर' म्हणताना तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

एकदा जेवताना तिनं पाय पुढे केला. नडगीवर वाटाण्याएवढा गुलाबी, खरबरीत डाग होता. "बघ रे, जातच नाही मेला."

त्यानं घास चावत चावतच वाकून पाहिलं. "इसब आहे गं. मलम देतो."

त्वचेचा घातक कॅन्सर बहुधा काळा असतो; डाग काळा असता तर तो चटकन सावध झाला असता.

पाच महिन्यांनी ताई दवाखान्यात आली. डाग फुगला होता, मधूनच रक्त यायचं. "मागे ताटावर बसून तपासलंस, म्हणून आज रीतसर नंबर लावला," ती हसत म्हणाली.

त्यानं डर्मोस्कोप, कातडी मोठी करून दाखवणारी हातातली दुर्बीण, डागावर टेकवली. इसब असतं तर लाल ठिपक्यांचे पुंजके आणि पिवळट खपल्या दिसल्या असत्या. इथे दुधाळ गुलाबी रंगात रक्तवाहिन्या वाटेल तशा पसरल्या होत्या. काही ठिपक्यांसारख्या, काही पीळ पडलेल्या. काळा-तपकिरी रंग औषधालाही नव्हता. त्यानं दुर्बीण बाजूला ठेवली.

"काय आहे रे?"

"तुकडा तपासावा लागेल, ताई. पण मला कॅन्सर वाटतोय, काळा न पडणारा."

तिनं दुर्बिणीकडे बोट केलं. "त्या दिवशी हे लावून पाहिलं असतंस तर?"

"बहुतेक तेव्हाच कळलं असतं."

ताईनं पाय हळूच खाली घेतला. "माझ्या पोरीला हे सांगू नकोस. माझ्यामागे तिला तू एकटाच आहेस."

तुकड्याचा अहवाल त्याच्या भीतीसारखाच आला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, पण आजार फुप्फुसात उतरला. दीड वर्षात ताई गेली.

महिन्याभरानं भाची आईचं कपाट आवरत होती. "मामा, तू होतास म्हणून आई एवढी तरी जगली," ती म्हणाली.

हे मात्र त्याला गिळवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं, अगदी घास चावत पाहिल्यापासून.

तिनं हातातल्या पोलक्याची घडी पूर्ण केली. "आईला माहीत होतं?"

"हो."

"जा तू आता."

आता दर रविवारी तो जातो, बेल वाजवतो. कधी ती दार उघडते, कधी नाही. मामा म्हणून हाक मात्र तिनं पुन्हा मारलेली नाही.