दाराखालची फट

भर कामाच्या वेळेत यंत्रं बंद करून अख्खा कारखाना स्टोअरच्या दारापुढे हात जोडून उभा होता. दाराला विजेचं नवं कुलूप, शेजारी कार्ड टेकवायची डबी, आणि समोर चटईवर बसलेले कुलूपबाबा. त्यांच्यापुढे निखाऱ्यांची शेगडी होती आणि शेगडीत एक लांब, पातळ पितळी पट्टी तापत पडली होती.

"कुलूप माणसाचं, किल्ली देवाची!" बाबा गरजले. "या दाराला तुमचं कार्ड लागतं. मला नुसता शब्द पुरतो!"

त्यांनी चिमट्याने पट्टी उचलली, दाराखालच्या फटीतून आत सारली, दोनदा मागेपुढे केली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. टक्! बाबांनी करंगळी लावली आणि कार्डाशिवाय कुणालाही दाद न देणारं ते दार आत गेलं. कुणी रडू लागलं, कुणी तिथेच गुडघे टेकले. मी दातांची डॉक्टर आहे. माझ्यासमोर रोज माणसं आ वासून बसतात, पण इतकी तोंडं एकाच वेळी उघडी मी कधी पाहिली नव्हती.

"बघा! चटका बसला की बाधा दार सोडते," बाबा म्हणाले. "आता ती राहते कुणाच्या अंगात, ते वेगळं सांगायला हवं का?"

सगळ्यांच्या माना माझ्या धाकट्या बहिणीकडे वळल्या. तिच्यासाठीच मी दवाखाना बंद ठेवून आले होते.

कारखाना छोटा, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाला लावायची यंत्रं बनवणारा. यंत्र खिशात मावेल एवढं आणि किंमत अशी की ऐकणाऱ्याचे कान बंद व्हावेत. गेले काही आठवडे स्टोअरमधून तयार यंत्रांचे खोके नाहीसे होत होते. कुलूप शाबूत, दार शाबूत. कार्ड दोघांकडेच, एक मालकांकडे आणि एक स्टोअर सांभाळणाऱ्या माझ्या बहिणीकडे. छताला कॅमेरा होता, पण ते नुसतं रिकामं खोकं. 'चोराला धाक बसला म्हणजे झालं' हे मालकांचं धोरण. धाक बसला तो फक्त माझ्या बहिणीला.

तिला आधी प्रश्न विचारले, मग टोमणे मारले, मग तिच्याशी बोलणंच बंद केलं. डबा खायला ती एकटी बसू लागली. घरी तर तिने कहर केला. झोपताना ओढणीने आपला पाय पलंगाला बांधायला लागली.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"ताई, मीच झोपेत उठून तिकडे जात असेन का गं? दुसरं कोण जाणार? कार्ड तर माझ्याच गळ्यात असतं."

न केलेला गुन्हा शोधायला ती स्वतःच्याच डोक्यात शिरली होती. मी मालकांना सांगितलं, पोलिसांना बोलवा. सुपरवायझर मध्ये पडला, "पोलीस आले की नाव जातं. माझ्या ओळखीचे एक बाबा आहेत." आणि बहिणीनेही मान डोलावली. बुडणाऱ्याला काडी दिसली की तो ती कुणी टाकली हे विचारत नाही.

तर असे ते बाबा आणि अशी आम्ही.

दार उघडल्यावर मालक खोके बघायला आत गेले आणि दार मागे आपोआप बंद झालं. बाबांनी पट्टी पुन्हा निखाऱ्यांत खुपसली. "ही लाल झाली की मुलीच्या तळहातावर ठेवायची. बाधा हातातून आली, हातातूनच जाईल."

"खबरदार हात लावाल तर!" मी पुढे झाले. सुपरवायझरने मला अडवलं. पण माझे पाय खरे खिळले ते बहिणीकडे बघून. तिने बाही वर सारली आणि स्वतःहून हात पुढे केला.

"ठेवू दे गं, ताई. एकदाचं संपू दे."

मला रडू आलं. रागही आला, तिचा, बाबाचा, त्या जोडलेल्या हातांचा. आणि तेवढ्यात, टक्! दार उघडून मालक बाहेर आले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचं कार्ड तर बाबांनी 'शुद्ध करायला' मघाशीच ताटात ठेवून घेतलं होतं.

"तुम्ही बाहेर कसे आलात?"

"कसा म्हणजे? चालत."

"कार्डाशिवाय?"

"बाहेर यायला कार्ड लागत नाही हो, डॉक्टर. आतल्या बाजूला, दाराच्या वर एक डोळा बसवलाय. खाली माणसाची ऊब हलली की त्याला कळतं, कुलूप सुटतं. उद्या आग लागली तर कुणी आत कोंडून राहू नये म्हणून."

"आणि माणसाऐवजी तापलेली पट्टी हलली तर?"

मालक वाकून दाराखालच्या फटीकडे बघू लागले. बाबा घाईघाईने म्हणाले, "मुहूर्त टळतोय!"

"टळू दे." मी चिमटा ओढून घेतला. पट्टी फटीतून आत सारली, हलवली आणि मला पाठ असलेला एकमेव मंत्र खणखणीत म्हटला, "पटाशी, सुळा, उपदाढ, दाढ, अक्कलदाढ!"

टक्. दार उघडलं.

"माझ्या मंत्राचा असर अजून उतरला नाही," बाबा म्हणाले.

"बरं." मी पट्टी कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवून गार केली, पुसली आणि पुन्हा आत सारली. दार ढिम्म. "गार पाण्याने मंत्रही गारठतो वाटतं?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. "मालक, आत जा, डोळ्याच्या टप्प्याबाहेर बाजूला उभे राहा आणि काठीने त्याच्यावर पुठ्ठ्याचं खोकं धरा."

मालक ताटातलं कार्ड उचलून आत गेले. दार लागलं. "हं, बाबा. तुमची शेगडी, तुमची पट्टी, तुमचा देव. उघडा."

बाबांनी पट्टी लालबुंद केली. सारली, फिरवली, आपटली. मंत्र वाढले, घाम वाढला, आवाज चढला. दार जागचं हललं नाही. मी ओरडून सांगितलं, "मालक, खोकं काढा!" आणि बाबांच्याच हातातल्या पट्टीने, मंत्राशिवाय, टक् झालं.

"पण दाराखाली एवढी फट आली कुठून?" मी विचारलं. "रबरी पट्टी असते ना तिथे?"

शेवटी पॅकिंगच्या टेबलावरच्या वयस्क मावशी पुढे आल्या. "आम्हीच कापली. हातगाडी अडायची. आणि स्टोअरच्या मॅडम, तुमची बहीण, कामाला बाहेर गेल्या की त्या येईपर्यंत कोण थांबणार? पिशव्या चिकटवायची गरम पट्टी असते आमच्याकडे. ती खालून सरकवली की दार उघडायचं. सुपरवायझरनेच दाखवलं होतं. आम्ही फक्त रिकामे खोके आणायचो हो, देवाशपथ!"

"म्हणजे हे दार असं उघडतं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं? मग मघाशी हात कसले जोडलेत?"

मावशींनी मान खाली घातली. "आम्ही करायचो ती आमची हिकमत. बाबांनी केलं तेव्हा वाटलं, त्यांचं काही वेगळं असेल. आणि बोललो असतो तर कामावरून गेलो असतो."

खोके कोण नेत होतं आणि बाबांना ही युक्ती कुणी शिकवली, ते आता उघड होतं. सुपरवायझर दरवाजाकडे सरकत होता, त्याला दोघांनी धरलं. मालकांनी अखेर पोलिसांना फोन केला. बाबा गर्दीत विरघळून गेले, चटई आणि शेगडी तिथेच टाकून. अंतर्ज्ञानी माणसाला पोलीस येणार हे आधीच कळलं असावं.

माझी बहीण मात्र जागची हलली नव्हती. तिचा हात अजून तसाच पुढे होता. मी तो धरून खाली घेतला. ती माझ्याकडे बघत नव्हती. पूर्वी रोज ज्यांच्या शेजारी बसून डबा खायची, त्या मावशींकडे बघत होती.

"मावशी, तो माझा हात भाजणार होता. तेव्हाही तुम्ही बोलला नसतात?"

मावशी कामावर राहिल्या. माझ्या बहिणीने राजीनामा दिला. मालकांनी फटीला रबर लावलं, डोळ्याची जागा बदलली, खरा कॅमेरा बसवला. पण पहिली चोरी झाली त्या दिवशीच कुणी खाली वाकून ती फट पाहिली असती, तर माझी बहीण पाय बांधून झोपली नसती.

म्हणून हात जोडून सांगते, बाबापुढे जोडता तसेच. दार आपोआप उघडलं तर आधी दार तपासा. कुलूप, फट, बिजागरी, सगळं बघा, कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल ते बोला. बाबाच्या हातात पट्टी असते, पण तिच्याखाली कुणाचा तरी हात आपण सगळे गप्प राहून धरत असतो.