उरलेला अर्धा दाणा

घरात दोघांचं टीव्हीच्या रिमोटवरूनही एकमत व्हायचं नाही, पण हॉस्पिटलात बायकोचा शब्द तो मुकाट मानायचा. तो घशाच्या कॅन्सरचा सर्जन, ती पॅथॉलॉजिस्ट. तो कापायचा आणि काय कापलंय ते ती मायक्रोस्कोपखाली बघून सांगायची.

त्या दिवशी टेबलावर शिंपीमास्तर होते. हॉस्पिटलातले निम्मे पांढरे कोट त्यांनीच शिवलेले. कॅन्सर स्वरयंत्रातून थायरॉइडमध्ये घुसला होता. दोन्ही काढणं भाग होतं. "आवाज गेला तर जाऊ द्या," मास्तर आदल्या दिवशी घोगऱ्या आवाजात म्हणाले होते, "तसंही घरात माझं कोण ऐकतं? हात तेवढे सांभाळा."

थायरॉइडच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातलं कॅल्शियम त्याच राखतात. त्या गेल्या की बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात. त्यातली एक तरी वाचवतो, असं नवरा मास्तरांना सांगून बसला होता. वचनं वाटण्यात गडी भारी उदार.

तीन ग्रंथी गाठीबरोबर गेल्या. चौथी हाती लागली. अशी ग्रंथी हाताच्या स्नायूत बसवली तर तिथे जगते, पण तिच्यात कॅन्सर असला तर हातात रोगच पेरल्यासारखं होईल. म्हणून त्याने अर्धा दाणा तपासायला बायकोकडे धाडला आणि उरलेला अर्धा मिठाच्या पाण्यात जपून ठेवला.

तिने तुकडा गोठवला, पातळ कापला, रंगवला. ग्रंथीच होती. पण कडेला काही पेशी काळपट, वेड्यावाकड्या दिसत होत्या. आणखी काप घेतले, तसा तुकडाच संपला. ऑपरेशन थिएटरमधून नवऱ्याचा फोन आला.

"मॅडम, बसवू ना?"

"कडेला काहीतरी आहे. मला खात्री वाटत नाही."

"अगं, मास्तरांच्या हातांचा प्रश्न आहे."

"म्हणूनच सांगते. नको बसवूस."

उरलेला अर्धा दाणाही तपासणीच्या डबीत गेला.

पुढच्या आठवड्यात त्या अर्ध्या दाण्याच्या, न गोठवता सावकाश बनवलेल्या पक्क्या स्लाइड आल्या. तिने कानाकोपरा धुंडाळला. दाणा स्वच्छ होता. कडेला तशाच वेड्यावाकड्या पेशी होत्या, पण त्या नुसत्या चिमट्यात चेंगरलेल्या, बाकी काही नाही. तिला फार वाईट वाटलं. घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा बराच वेळ भांडी घासत राहिला.

"चिमटा माझाच होता," तो म्हणाला.

"मास्तरांना मी सांगते."

मास्तर पुन्हा दुकानात बसू लागल्यावर ती गेली. काहीही हातचं न राखता तिने सगळं सांगितलं. श्वासासाठी गळ्यात केलेल्या छिद्रावर रुमाल बांधून मास्तर ऐकत होते. त्यांची बायको भडकली.

"म्हणजे चांगली वस्तू उगीचच टाकलीत? मूठमूठ गोळ्या खाऊनही यांची बोटं आखडतात, बाई! सुईत दोरा ओवता येत नाही."

"हो," ती म्हणाली. "उगीचच."

मास्तरांनी हात करून बायकोला थांबवलं. मग एक सुई आणि दोरा डॉक्टरीणबाईंपुढे धरला. तिने पहिल्याच फटक्यात ओवला. मास्तरांनी ती सुई टाचण्यांच्या गादीत टोचली आणि दुसरी पुढे केली. मग तिसरी. मग सुयांची अख्खी डबी तिच्याकडे सरकवली आणि पायाने स्टूल पुढे ढकललं.

तिने चष्मा पुसला आणि बसली.