औटीबाईंच्या कॅसेटी

"बाई, मी निंगते," असं म्हणत लंकाने गाठोडं काखोटीला मारलं आणि आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर येऊन ती चपला शोधू लागली. खाली तिचा नवरा बहिरू प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन उभा होता. तो सकाळीच तिला न्यायला कड्याखालच्या वाडीतून उतरला होता.

"दिवस भरलेत तुझे. कुठं निघालीस?" तिथल्या नर्स औटीबाई दारात येऊन म्हणाल्या.

"घरी. भाताची आवणी चाललीया. आन हितं बसून काय करू? भिती बघू?"

औटीबाईंचं नेहमीचं सगळं सांगून झालं होतं. मागच्या खेपेला लंकाला डोलीत घालून खाली आणताना ओढ्याला पाणी आलं. डोली पलीकडेच अडकली आणि बाळ पोटातच गेलं. त्याची तिला आठवण करून द्यायला औटीबाईंची जीभ उचलत नव्हती. तेवढ्यात शेजारच्या त्यांच्या खोलीतून बाईमाणसाचा गाण्याचा आवाज आला. रविवार होता, कॅसेट चालूच राहिली होती.

"आत कोन गातंय?" लंकाने विचारलं.

"सिनेमा आहे. मराठीच. बघतेस?"

लंकाने बहिरूकडे पाहिलं. बहिरूने आभाळाकडे पाहिलं. "घडीभर बघते, मंग जाऊ," ती म्हणाली आणि गाठोड्यासकट आत जाऊन भिंतीला टेकून बसली. बहिरू उंबऱ्यावरच टेकला.

द्रौपदा औटी मूळच्या राजुरीच्या. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षांत नवऱ्याने दुसरी केली, तशा त्या माहेरी आल्या आणि माहेरचंच आडनाव पुन्हा लावलं. भाऊ गेणभाऊ शहाणा माणूस. त्याने बहिणीला भाकऱ्या थापायला न ठेवता नर्सिंगच्या ट्रेनिंगला घातलं. बदल्या होत होत त्या आंबेगावच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आल्या, आणि इथली बदली कुणी मागत नसल्यामुळे इथेच राहिल्या.

सिनेमाचा नाद त्यांना उशिरा लागला. नारायणगावात कुंडलिक नावाच्या माणसाचं व्हिडिओ कॅसेटींचं दुकान होतं. घरोघर केबल आली आणि त्याचं गिऱ्हाईक तुटलं. दुकान आवरताना त्याने जुना व्हीसीआर औटीबाईंच्या गळ्यात मारला. रंगीत सिनेमे लोकांनी आधीच उचलून नेले होते. खालच्या फळीवर काळेपांढरे तेवढे उरले होते.

"ह्या पण न्या ताई," कुंडलिक म्हणाला होता. "ह्या आता कोण बघतंय?"

औटीबाईंनी नेल्या. लहानपणी राजुरीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, पण पोरींना तिथे सोडत नसत. गेणभाऊ बघून यायचा आणि घरी गोष्ट सांगायचा. त्याच्या गोष्टीत मारामारी तेवढी असायची. आता खोलीत एकट्या बसून बघताना औटीबाईंना त्याने गाळलेलं सगळं दिसू लागलं. दारावर थाप पडल्यावर कडी काढण्याआधी बाई पदराला हात पुसते. म्हातारा सासरा सुनेचं दुखणं ओळखून गुपचूप चुलीपुढे बसतो. एवढं बारीक बघणारं कुणीतरी आपल्या जन्माच्या आधीच होऊन गेलं होतं, याचं त्यांना फार नवल वाटलं.

मग त्या शोधायलाच लागल्या. घोडेगावची मीटिंग संपली की बाकीच्या सिस्टर साड्यांच्या दुकानात जात, औटीबाई मंचरची गाडी पकडून व्हिडिओच्या दुकानात जात आणि म्हणत, "ते खालचं धुळीतलं काढा बरं." एकदा चतुर्थीला ओझरच्या गणपतीला गेल्या, तर येताना बाजारातून दोन कॅसेटी घेऊन आल्या आणि प्रसाद तिथेच विसरल्या. डोंगरातल्या ओलीने टेपेवर पांढरी बुरशी धरे. त्यासाठी त्यांनी कपाटात एक बल्ब सतत पेटता ठेवला होता. तरीही बुरशी आलीच, तर कॅसेट उघडून त्या टेप कापसाने पुसत. लहान लेकराचे कान पुसतात तितक्या हलक्या हाताने.

त्या रविवारी सिनेमा ऐन रंगात आला आणि लाईट गेली. पडद्यावरची बाई, पोटुशी, नवऱ्याने घराबाहेर काढलेली, नदीकाठी उभी होती.

"मंग म्होरं काय झालं?" लंकाने विचारलं.

"लाईट आल्यावर बघू."

बराच वेळ लाईट आली नाही. बहिरू उठला, कागद डोक्यावर घेतला. लंका काही हलली नाही.

"तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "मी उद्या हे बघून येते."

बहिरू गेला. औटीबाईंनी तिचं गाठोडं उचलून खाटेखाली सरकवलं. जे त्यांच्या इतक्या वर्षांच्या सांगण्याने झालं नव्हतं, ते लाईट गेल्याने झालं होतं. त्या खुशीत स्वयंपाकाला लागल्या आणि कांदा चिरता चिरता त्यांचा हात थांबला. त्यांना सिनेमाचा शेवट आठवला होता. ती बाई बाळंतपणात मरते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी कॅसेट पुढे केली. "ही लय हसायची आहे," म्हणाल्या.

"न्हाई. ती नदीवरचीच लावा."

मग औटीबाईंनी वेळ काढायला सुरुवात केली. थोडं दाखवायचं आणि कुणाची तरी पट्टी करायला उठायचं. परत आल्यावर चुकून म्हणून मागचंच लावायचं. असं किती दिवस चालणार? पडद्यावरच्या बाईला कळा सुरू झाल्या तशी त्यांनी कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बुरशीनं खाल्ली. पुढची टेप गेली."

रोग्याशी त्या आजवर खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांचे कान तापले.

"तुमी आदी बघितलाय न्हवं?" लंका म्हणाली. "मंग सांगा."

औटीबाईंना गोष्ट सांगायची सवय नव्हती. कापसाचे बोळे वळत त्या सांगू लागल्या. सिनेमात नसलेली एक सुईण त्यांच्या गोष्टीत आली. नदी ओलांडून, भिजत, वेळेवर आली.

"कुठली सुईन?"

"राजुरीची," औटीबाई पटकन म्हणाल्या.

त्या सुईणीने मग बाईला सोडलंच नाही. तिला पेज पाजली, तिच्या नवऱ्याला चारचौघांत झाडलं, त्याच्या आईलाही सोडलं नाही. लंका हसून हसून पोट धरायची. रोज थोडं राखून ठेवायचं हे आता औटीबाईंना जमू लागलं होतं, आणि लंकाने आवणीचं नाव काढणं बंद केलं होतं.

पहाटे तिला कळा सुरू झाल्या. पाऊस कोसळत होता, ओढा दोन्ही काठ भरून चालला होता. बाळ आलं, पण लंकाचं रक्त थांबेना. औटीबाईंनी इंजेक्शन दिलं, पोटावर मूठ दाबून चोळत राहिल्या. हात भरून आले तरी सोडलं नाही. लंकाचे डोळे मिटू मिटू होत होते. मध्येच तिने औटीबाईंचं मनगट धरलं.

"बाई, ती खरंच वाचली न्हवं?"

"वाचली," औटीबाई म्हणाल्या. "चांगली म्हातारी होईपर्यंत जगली."

उजाडताना रक्त थांबलं. औटीबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. पाणी ओसरल्यावर बहिरू आला, तेव्हा लंका चहात पाव बुडवून खात होती. पोरीचं नाव मोहिनी ठेवलं.

वाडीत ही गोष्ट पसरली. पुढच्या वर्षापासून दिवस भरत आलेल्या बाया आपणहून खाली येऊन राहू लागल्या. "शिनेमा हाय न्हवं?" असं आधी विचारून घेत. कुठे थांबलं म्हणजे बाई उद्यापर्यंत थांबते, हे औटीबाईंना पक्कं कळलं होतं. एक कॅसेट मात्र त्यांनी कपाटात मागे ढकलून ठेवली.

वर्षं गेली. व्हीसीआर बिघडला आणि दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही. मंचरच्या बाजारात तेच सिनेमे आता सीडीच्या चकत्यांवर मिळू लागले. औटीबाईंनी नवं यंत्र घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली. कॅसेटी कपाटातच राहिल्या, बल्ब पेटताच राहिला.

दोन हजार आठच्या सप्टेंबरअखेरीला त्या रिटायर होणार होत्या. गणपती उठल्यावर लंका खाली आली. बरोबर आश्रमशाळेत जाणारी मोहिनी होती. पोरीला अंगणात बसवून लंका आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"ती मरती, बाई."

कोण, असं विचारायची गरज नव्हती. औटीबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कुठं बघितलंस?"

"गनपतीत. वाडीत पडदा लावला व्हता. समदी रडाय लागली, तर मीच सांगत व्हते, रडू नगा, आता सुईन येती. राजुरीची हाय." लंकाने दाराबाहेर, पोरीकडे पाहिलं. "सुईन काय आली न्हाई."

"राग आला असंल तुला," औटीबाई म्हणाल्या.

"लई आला. जेवले न्हाई त्या दिशी. लोकं हसली मला. ह्यांना म्हनलं, बाईनं मला फशिवलं." लंका खाली बसली. "तर हे म्हनले, त्या शिनेमातल्या बाईला सुईन मिळाली न्हाई. तुला मिळाली. त्यात फशिवलं काय?"

बहिरू एवढं सलग बोलला, याचंच औटीबाईंना आश्चर्य वाटलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चहाला आधण ठेवलं. दोघींनी चहा घेतला. मग मोहिनीला आत बोलावून लंका म्हणाली, "पाया पड बाईंच्या." पोर वाकली, तेव्हा औटीबाईंचा हात तिच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

जायच्या दिवशी सामान थोडंच होतं. गेणभाऊच्या ऋषीने फोनवर बजावलं होतं, "आत्या, ते कॅसेटींचं भंगार घरी आणू नकोस. चालत पण नाहीत त्या." नव्या सिस्टरला कपाट रिकामं हवं होतं. औटीबाईंनी कॅसेटी एका खोक्यात भरून व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या आणि तिकडे बघायचं टाळत होत्या.

पोचवायला आलेल्या लंकाने खोकं पाहिलं. "हे ऱ्हायलं."

"राहू दे. चालत नाहीत आता."

"न्हाई चालल्या तर न्हाई. हितं बुरशी धरंल." लंकाने लुगड्याच्या धडप्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि खोकं उचलून पुढे चालू लागली. औटीबाई पिशवी घेऊन तिच्या मागून निघाल्या.

फाट्यावर एसटी आली. कंडक्टरने खोकं वर ओढून घेतलं. "काय हाय यात? लय जड हाय."

"शिनेमे हायेत," लंका म्हणाली. "दमानं ठेवा. बाईंचे हायेत."

औटीबाईंना खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली. वळणावर त्यांनी मान वळवून पाहिलं. लंका रस्त्याच्या कडेला तशीच ताठ उभी होती, दोन्ही हात मोकळे, आणि ओझं उतरून गेलं तरी डोक्यावरची चुंबळ काढायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.