भिंतीखालचा सांधा

घाटनांदूर माझं माहेर. तिथं भर अंगणात उभं राहून मी माझ्या सख्ख्या भावांना जे काही बोलले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत न्हाई.

झालं असं, की शेजारच्या बायनाबाईचा फोन आला. तुझी माय बांधाला पडलती, मीच उठवून आणली म्हणे. म्हणलं, माय बांधाला कशाला गेलती? तर टमरेल घेऊन. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कामातून गेलेले, आणि घरात संडास असताना टमरेल घेऊन बांधाला! मांजरसुंब्याला सासरी होते तशी उठले आणि मिळेल ती गाडी धरली.

येऊन बघते तर खालच्या संडासाला हे एवढं कुलूप. पाणी गळतंय, वास मारतोय, म्हणून थोरल्यानं, उत्तरेश्वरदादानं लावलेलं. मग दुरुस्त कावून केलं न्हाई? दादा म्हणाला, पाणी धाकट्याच्या बाजूला निघतंय, त्यानं करावं. धाकटा अजिनाथ म्हणाला, भांडं दादाच्या वाटणीत हाय, त्यानं करावं. दोघांचे नवे संडास वर माडीवर. मायला पायरी चढवत न्हाई, हे दोघांनाही चांगलं ठाऊक. दोघंही लाज कोळून प्यालेले.

मी शहादेव मिस्त्रीला बोलावलं. कुलूप काढायला लावलं. त्यानं फरशी उचकटली आणि कपाळावर हात मारला. भांडं धड होतं. निसटला होता तो खालच्या पाइपाचा सांधा, आणि बरोबर त्या सांध्यावर दोघा भावांनी वाटणीत घराच्या मधोमध घातलेली भिंत उभी. भिंत घालताना गवंडी सांगत होता म्हणे, वीतभर सरकवा, खाली सांधा हाय. पण वीतभर जागा सोडणार कोण? दादा सोडेना, अजिनाथ सोडेना. मग घातली तशीच. असली अक्कल आमच्याच घरात पिकती.

आता भिंतीचं बूड फोडल्याशिवाय सांधा बदलत नव्हता. छिन्नीचा आवाज ऐकून दोघंही माडीवरून खाली आले. वाटणीपासून एकमेकांचं तोंड न बघणारे माझे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा एका सुरात बोलले, की भिंतीला हात लावायचा न्हाई. ह्याला भीती की तो इकडं सरकंल, त्याला भीती की हा तिकडं सरकंल. शहादेवनं हत्यारं खाली ठेवली. त्याला गावातच राहायचं होतं, त्याला काय बोलणार.

दादा माझ्याकडं वळला. "मने, तू हक्कसोडीवर सही दिलीस. ह्या घरात तुझा काय संबंध?"

दिलती सही. साडीचोळी घेऊन, हसतमुखानं दिलती. आमच्याकडं भैनीनं भावांसाठी जमिनीवरचा, घरावरचा हक्क तसाच सोडायचा असतोय. त्याचा राग मला कधीच आला नव्हता. त्या दिवशी आला आणि मस्तकात गेला.

"मी घर सोडलंय," म्हणलं. "माय सोडली न्हाई."

आणि शहादेवचा हातोडा उचलून घातला भिंतीवर. पहिल्यांदा नुसता गिलावा पडला, मग विटा हलल्या. दादा अडवायला पुढं आला, तर त्याला सांगितलं, पुढचा घाव तुझ्या पायावर बसंल. लहानपणापासून ओळखतो मला. मागं सरकला.

शहादेवनं सांधा बदलला, पाणी ओतून बघितलं. थेंब गळला न्हाई. मी मायला हाताला धरून आत नेऊन बसवलं आणि दार लोटून घेतलं. तर बाहेर दोघांचं परत सुरू झालं, की भिंतीला पडलेलं भोक आता कुणी बुजवायचं. मायच्या तब्येतीची एका शब्दानं चौकशी न्हाई.

माय बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या भोकापाशी थांबली आणि शहादेवला म्हणाली, "बाबा, हे बुजवू नको. मी आत पडले तर दोघांतल्या एकाला तरी हाक ऐकू जाईल."

हे ऐकून मला रडू यायला पाहिजे होतं. न्हाई आलं. रागच आला, आणि तो आजपर्यंत उतरला न्हाई. शहादेव हत्यारं गोळा करत होता. मी त्याच्याकडून हातोडा परत मागून घेतला आणि भोक आणखी मोठं केलं.