पहिल्या पानावरची नवरी

मित्रांनो, मी एक जुना अल्बम आहे. वय विचाराल तर सहाच वर्षं, पण माझे कोपरे दुमडलेत आणि हल्ली कुणी मला उघडलं की तोंड लपवावंसं वाटतं.

जालन्यात मस्तगडला शीतलताईंचं मेकअपचं छोटं दुकान आहे. ताई मूळच्या वाटूरच्या. हात सुरेख, पण नव्या माणसाला काम कोण देणार? केलेलं काम दाखवता यावं म्हणून त्यांनी मला आणलं.

माझ्या पहिल्या पानावर आली त्यांची पहिली नवरी, शहागडची दैवशाला. शेतात राबणारी, सावळी पोर. ताईंनी दोन बाटल्यांतला रंग एकत्र करून तिच्या जबड्यापाशी लावून पाहिला, आणि तो मानेच्या रंगाशी जुळेपर्यंत धीर धरला. दैवशाला आरशात बघतच राहिली. फोटो ठेवू का, असं ताईंनी विचारलं तेव्हा तिने खुशाल ठेवा म्हणून सांगितलं.

मग ताईंचं मन डळमळलं. गिऱ्हाईक गोरी नवरी बघूनच येतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मोबाईलवर तो चेहरा उजळला, मूळ फोटो पुसला आणि उजळलेला मला चिकटवला. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. पण येणारी प्रत्येक बाई पहिलं पान पाहून वाहवा करायची आणि मी फुगून बसायचो. कामं येत गेली, पानं भरत गेली आणि प्रत्येक नवरी आधीच्या नवरीपेक्षा गोरी होत गेली.

मागच्या महिन्यात दैवशाला धाकट्या बहिणीला, मीनाला घेऊन आली. मीनाचं लग्न ठरलं होतं. तिचाही रंग बहिणीसारखाच. तिने मला उघडलं आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून, मला हिच्यासारखं करा, असं ताईंना सांगितलं. दैवशालाने वाकून पाहिलं.

"साडी माझी हाय, ताई," ती हळूच म्हणाली. "पन ही बाई कोन हाय?"

ताईंनी सगळं कबूल केलं. मूळ फोटो उरला नाही, हेही सांगितलं.

"त्या दिवशी मी मला लई आवडल्ते," दैवशाला म्हणाली. "तुम्हाला न्हाई आवडले का?"

मला लाजेने मिटूनही घेता येईना. ताईंनी तो फोटो ओढून काढला, त्याच्याबरोबर माझं पान फाटलं. मग त्यांनी मीनाला खुर्चीत बसवलं आणि लग्नाआधीचा नमुना मेकअप करायला घेतला. पुन्हा दोन बाटल्या, पुन्हा मानेशी जुळवलेला रंग. तासाभराने मीना इतकी देखणी दिसत होती की दैवशालाचे डोळे भरून आले.

मित्रांनो, माझ्यासारखा अल्बम चाळाल तेव्हा त्यातल्या चेहऱ्यांवरून स्वतःची किंमत ठरवू नका. आणि फोटो काढाल तर माणूस आहे तसाच जपून ठेवा. हे सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. कारण ताईंनी ब्रश खाली ठेवून आरसा पुढे केला, तेव्हा मीनाने त्यात पाहिलं, मग माझ्या उघड्या पानावरच्या गोऱ्या नवरीकडे पाहिलं, आणि विचारलं,

"ताई, अजून मेकअप झाला न्हाई का?"