मेण लावलेला ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. हसू नका. शाळेच्या प्रयोगशाळेतला, सागवानी, एका अंगाला लोखंडी आकडा असलेला ठोकळा. दाराची चौकट करून उरलेला तुकडा सुतार फेकणारच होता, तेवढ्यात शाळेतून कोणीतरी आलं आणि मला नोकरी लागली.

नोकरी काय, तर जागचं न हलणं! मला फळीवर बसवतात. आकड्याला दोरी बांधतात, ती कप्पीवरून खाली सोडतात आणि टोकाच्या पारड्यात एकेक वजन टाकतात. वजन मला ओढतं, फळी मला धरून ठेवते. या धरून ठेवण्याला घर्षण म्हणतात. पोरं ओरडतात, "आता हलेल, आता हलेल!" मी ढिम्म. मग कधीतरी ओढ वरचढ होते आणि मी निघतो. मला आपणहून हलायचा कंटाळा, आणि निघालो की आपणहून थांबायचाही कंटाळा. पुस्तकात याला जडत्व म्हणतात, घरात आळशीपणा.

आमच्या बाई नवीन होत्या, हंगामी. "तपासणीचा तास चांगला झाला तर कायम करू, नाहीतर सुट्टीनंतर येऊ नका," असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलेलं. बिचाऱ्या मला एकट्याच ओढून सराव करायच्या.

प्रयोगशाळेचे शिपाईकाका त्यांना लेकीसारखं मानायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "बाई, तुम्ही निश्चिंत घरी जा. मी सगळं चकाचक करून ठेवतो."

आणि केलं की हो! बाकं झाली, फरशी झाली, तरी मेणाचा डबा काही संपेना. मग फळीवर हात फिरला, मग माझ्यावर. "कसा आरशासारखा झालास बघ!" काका कौतुकाने म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. काकांनी मोठ्या मानाने हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, म्हणून त्या गुळगुळीत फरशीवरून येताना निभावलं.

"मुलांनो, एका वजनाने हा हलणारसुद्धा नाही," म्हणत बाईंनी पारड्यात वजन टाकलं मात्र, मी सुसाट! कप्पीला धडकलो, दोरी सुटली, खाली आपटलो आणि घसरत घसरत थेट साहेबांच्या खुर्चीपाशी.

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंचा चेहरा पांढराफटक.

"साहेब, मेण मी लावलं," दारातून काका म्हणाले.

"त्यांनी माझ्यासाठी कष्ट घेतले, सर," बाई म्हणाल्या. "चूक माझी. तासाआधी एकदा ओढून बघायला हवं होतं."

साहेब मला उचलायला उठले. एक पाय पुढे गेला, दुसरा कुठे गेला देव जाणे, आणि साहेब धप्पकन माझ्या शेजारी! झालं, गेली बाईंची नोकरी, असं वाटून मला रडूच येणार होतं.

साहेबांनी बसल्या बसल्या चष्मा सारखा केला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "सांग, मी का पडलो?"

मुलगी घाबरत उठली. तिने बाईंकडे बघितलं. "सर, चालताना आपला पाय जमिनीला मागे ढकलतो, तेव्हा जमीन आपल्याला पुढे ढकलते. पण त्यासाठी घर्षण लागतं. मेणामुळे ते कमी पडलं."

"आणि हा ठोकळा?"

"तोही तुमच्यासारखाच, सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेब पोट धरून हसले. मला बाईंच्या हातात देत म्हणाले, "बाई, तास पुढे चालू द्या. मी आपला इथेच खाली बसतो. उठायची काही हिंमत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. पण तास त्यांनी पुरा केला आणि सुट्टीनंतर त्या पुन्हा याच वर्गात आल्या, कायमच्या.

काकांनी पॉलिश पेपरने घासून मला पूर्वीसारखं खरखरीत केलंय. गुदगुल्या झाल्या, पण सोसल्या. तुम्ही कधी आलात तर मलाही ओढून बघा. फक्त सगळी वजनं एकदम ओतू नका, एकेक टाका. मी हलेन हो, जरा दम धरा.